ताडोबाची बफर सफारी: जिप्सी मागे घ्यायला लावणाऱ्या गाईडताई

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील एका गेटमधून आम्ही दुपारची सफारी केली. गाभा क्षेत्राचे, म्हणजे आतल्या राखीव जंगलाचे, बुकिंग न मिळाल्यामुळे आम्ही त्याभोवतीच्या, गावे-शेते असलेल्या बफरकडे वळलो होतो, हे आधीच सांगितलेले बरे. कारण बफरची सफारी म्हणजे दुय्यम सफारी असे बहुतेकांना वाटते आणि आमचाही समज तसाच होता. त्या एका दुपारने तो पुसला गेला. वाघ टिकणार की नाही याचा निकाल याच पट्ट्यात लागणार आहे, असे आता माझे स्पष्ट मत झाले आहे.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती चोख होती. बुकिंग ऑनलाइन झाले, गेटवर मूळ ओळखपत्रे तपासली गेली, मोबाईल बंद करून पिशवीत ठेवायला लावले आणि सहा पर्यटक, चालक व गाईड अशी उघडी जिप्सी वेळेवर निघाली. मे महिन्यातले चंद्रपूरचे ऊन सोसवत नसेल तर दुपारऐवजी सकाळची फेरी घ्यावी. मात्र पाणवठे आटलेले असल्यामुळे जनावरे उरलेल्या पाण्याजवळ येतात, म्हणून उन्हाळ्यातली दुपार मला अधिक मोलाची वाटते.

आमच्या गाईड म्हणजे बफरमधल्याच एका गावच्या ताई. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी वाघाचे नावही काढले नाही. ऐन, धावडा, मोह, तेंदू ही झाडे त्या दाखवत होत्या आणि बांबूच्या बेटातून वाळक्या पानांचा आवाज आला की तो रानकोंबड्याचा की सांबराचा हे न पाहता सांगत होत्या. मग एका वळणावर त्यांनी जिप्सी थांबवून रस्त्यातल्या धुळीकडे बोट दाखवले. पिठासारख्या बारीक धुळीत चार बोटे आणि तळव्याची गादी स्वच्छ उमटली होती. नखांची खूण कुठेच नव्हती, कारण वाघ चालताना नखे आत ओढून घेतो. नराचा ठसा चौकोनी आणि मादीचा लांबट असतो, हा लांबट आहे, कडा अजून ढासळलेल्या नाहीत, म्हणजे ती नुकतीच गेली आहे, एवढे सगळे त्यांनी त्या वीतभर जागेवरून वाचून दाखवले.

पूर्वी वाघांची गणतीसुद्धा अशाच ठशांवरून होत असे. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते, पण २००५ साली पाहिले तर जंगलात एकही उरला नव्हता, आणि त्यानंतर ती पद्धत मागे पडली. आता कॅमेरा ट्रॅपमधील, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांमधील, छायाचित्रांत अंगावरचे पट्टे जुळवून वाघ ओळखले जातात, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. या नव्या पद्धतीने २००६ साली देशात १,४११ वाघांचा अंदाज निघाला होता. २०२२ च्या गणनेत तो ३,६८२ वर गेला आणि त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात होते. हा आकडा वाचून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येकाने एकदा बफरमध्ये फिरून यावे, असे मला मनापासून वाटते. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे आहे आणि प्रत्येक प्रौढ वाघाला स्वतःचा इलाखा लागतो. बछडे दीड-दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होऊन नव्या जागेच्या शोधात बाहेर पडतात, आणि बाहेर म्हणजे सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर, जिथे गावे, शेते, गुरे आणि रस्ते आहेत. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह वाघाचाही जीव घेतो.

पाचच्या सुमारास चितळाचा इशारा ऐकू आला, पाठोपाठ वानराची खाकर. पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर जांभळीच्या सावलीत वाघीण उभी होती आणि तिच्या मागे, गवतात अर्धवट लपलेले, दोन बछडे होते. ती पाण्याकडे पाहत होती आणि आमची जिप्सी नेमकी तिच्या व पाण्याच्या मध्ये होती. कॅमेरे वर झाले. ताईंनी चालकाच्या खांद्याला हात लावला आणि गाडी मागे घ्यायला सांगितली. एका सहप्रवाशाने नाराजीने विचारले, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, वाघीण पाण्यावर चालली. आपण वाट अडवली त पिल्लं घेऊन गावाकडे वळते."

शंभरेक मीटर मागे आल्यावर आम्हाला झुडपांमधून फक्त तिची पाठ दिसली, तीही काही क्षण. माझ्याकडे दाखवण्याजोगे एकही छायाचित्र नाही. तरीही या सेवेला मी पूर्ण गुण देतो ते याच कारणासाठी, कारण काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जंगलात मी याच्या अगदी उलट प्रकार पाहिला होता. तिथे आठ-दहा गाड्यांनी एका वाघिणीला दोन्ही बाजूंनी घेरले होते आणि त्या गर्दीत मीही गप्प बसून फोटो काढत होतो. त्याची खंत अजून जात नाही.

परतताना ताई थोडे स्वतःबद्दल बोलल्या. मे महिना हा तेंदूपानांचा हंगाम. पहाटे अंधारात पाने तोडायला जाणारी, वाकून काम करणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात सापडतात आणि त्यांच्या गावाने हे दुःख सोसले आहे. सफारीमुळे त्यांच्यासारख्या स्त्रियांना रोजगार मिळाला, म्हणून वाघ गावाला निव्वळ संकट वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात बसून वाघ वाचवा म्हणणाऱ्या आपणा सर्वांसाठी ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे. प्रकल्पाला लागून असलेल्या इरई धरणाचे पाणी चंद्रपूर शहर पिते आणि तिथले वीज केंद्रही वापरते. वाघासाठी राखलेले रान पावसाचे पाणी धरून ठेवते आणि माती वाहू देत नाही. त्याचा लाभ दूरवर पोहोचतो, पण जिवाची जोखीम त्या पट्ट्यातल्या गावांनीच उचललेली असते. म्हणून सफारीचा पैसा गावात किती पोहोचतो, हे पर्यटकांनी गेटवर आवर्जून विचारावे.

गाभा क्षेत्र १ जुलैपासून पावसाळ्याचे तीन महिने बंद असते, तेव्हा त्यानुसार बेत आखावा. गाईड पाळीने मिळतात, त्यामुळे याच ताई भेटतील असे नाही. वाघ वाटेवर आला तर जिप्सी मागे घ्या, एवढे आपण निघतानाच गाईडला आणि चालकाला सांगून ठेवावे.