वर्कशॉपमध्ये पाणी शिरल्यावर घेतलेला डिह्युमिडिफायर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बारा दिवस घर बंद होतं. परत येऊन वर्कशॉपचं दार उघडलं आणि कुबट वासाचा भपकाराच आला. जमिनीवर पाणी जेमतेम दोन बोटं होतं, पण किती दिवस साचलं होतं कोण जाणे. एमडीएफचं (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट खालून फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. वडिलांचा लोखंडी रंधा मी घाईत ढलप्यांवरच ठेवून गेले होते. तो उचलला तर तळावर एक ढलपी तिच्या वळणासकट गंजात उमटलेली. त्यावरून बोट फिरवलं आणि रडूच आलं.

पाणी उपसून पहिले चार दिवस खिडक्या उघड्या टाकल्या आणि पंखे लावले. ती चूक होती. बाहेर पावसाळी हवा होती, म्हणजे खोलीत आणखी बाष्प घेत होते. थंड ओतीव लोखंडावर ते दव होऊन बसतं. पाचव्या दिवशी टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीच्या, पाट्यावर नवा, नारिंगी गंज दिसला आणि त्याच दिवशी डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं बाष्प पाणी करून टाकीत काढणारं यंत्र, मागवला. कॉम्प्रेसरवाला, दिवसाला १२ लिटरचा.

हा १२ लिटरचा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. तो बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. माझ्या खोलीत पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ लिटर पाणी निघालं, तेही खिडक्या-दारं घट्ट बंद ठेवून. खोली दोन-तीन अंशांनी तापते, ते यंत्र बिघडल्यामुळे नाही. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना साधारण ०.७ युनिट उष्णता बाहेर पडते, शिवाय कॉम्प्रेसरची वेगळी. भिंत वाळायला ती ऊब उपयोगीच पडली.

सुरुवातीला मी उतावीळपणे ४० टक्क्यांवर लावला. तिसऱ्या दिवशी रात्री बाकाच्या फळीतून काडकन आवाज आला. सकाळी बघते तर टोकापासून वीतभर चीर. भिजलेलं लाकूड बाहेरून झपाट्याने वाळतं, आत ओलंच राहतं, मग ते फाटणारच. तेव्हापासून काटा ५० वर आहे. लोखंडाला ६० च्या खाली राहिलं की बरंच निभावतं, बुरशी रोखायलाही तेवढं पुरतं, आणि लाकडाचे हाल होत नाहीत. यंत्राच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. बंद डब्यात जेमतेम ओलं केलेलं मीठ आणि शेजारी आर्द्रतामापक ठेवला की काही तासांनी ७५ टक्के दिसायला हवेत. तसा पारखलेला मापक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर यंत्र सहा टक्के कमी दाखवत होतं.

आता मुख्य गोष्ट. मी सवयीने रोज सकाळी टाकीतलं पाणी मोजून वहीत लिहीत होते. नळाच्या पाइपचा एक सांधा पाझरत होता, तो प्लंबरने बदलला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी चार लिटरवर आलं, मग अडीच-तीनवर येऊन तिथंच अडकलं. बाहेरची हवा कोरडी झाली तरी आकडा हलेना. प्लंबर म्हणाला, "ताई, जुनी ओल आहे, हळूहळू वाळेल." वीटकामाच्या जाडीला इंचामागे महिना लागतो हा ठोकताळा मलाही माहीत होता, म्हणून गप्प बसले. पण पाच आठवड्यांचे आकडे एकाखाली एक मांडल्यावर दिसलं की बुधवारी आणि रविवारी सकाळी पाणी अर्धा-पाऊण लिटर जास्त असतं. आमच्याकडे कपडे धुतात मंगळवारी आणि शनिवारी.

भिंतीला दीड फूट लांब-रुंद प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावलं आणि एक दिवस ठेवलं. थेंब आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीतूनच येतेय. पाण्याचं मीटर मी आधी तपासलं होतं. सगळे नळ बंद केल्यावर ते स्थिर होतं, आणि मी निर्धास्त झाले होते. पण मीटर फक्त दाबाच्या पाइपची गळती दाखवतं, सांडपाण्याच्या पाइपची नाही. शेवटी वॉशिंग मशीनच्या मोरीत रंग कालवलेलं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटांवर, फिकट हिरवा डाग. भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाइपला केसाएवढी भेग होती.

ती भेग दुरुस्त झाल्यावर पाणी सहा आठवड्यांत रोज एक लिटरच्या आत आलं. म्हणून माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात मोलाचा भाग टाकीच आहे. ड्रेनची नळी लावून पाणी परस्पर मोरीत सोडता येतं, टाकी भरून यंत्र बंद पडायची भीती राहत नाही. पण दुरुस्ती पुरी होईपर्यंत ती लावू नका. पाणी मोजा, तारखेसकट लिहा.

भिंतीचं प्लास्टर हातभर उंचीपर्यंत खरवडून काढलं. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशनेच झाडला, कारण धुतला तर क्षार पुन्हा विटेत मुरतात. नवं प्लास्टर होऊन चार महिने झाले, अजून रंग लावलेला नाही.

हत्यारांचं थोडक्यात सांगते. पटाश्या आणि रंध्याचं पातं सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात रात्रभर, मग सोड्याच्या पाण्यात, लगेच पुसून, गरम हवेने वाळवून तेल. यात दिरंगाई केली तर पुसता पुसता नवा गंज धरतो. टेबल सॉच्या पाट्याला मेण लावलं, सिलिकॉनचा स्प्रे नाही, कारण त्याचा अंश लाकडाला लागला की पॉलिश फाटतं. बेंच ग्राइंडर पाण्यात होता. तो चालू करून बघायचा मोह आवरला. इलेक्ट्रिशियनने मेगरने (तारांवरचं आवरण वीज किती रोखतं ते मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन मोजलं तर ०.३ मेगाओहम, निदान १ तरी हवं. बेअरिंग काढून दहा दिवस कोरड्या हवेत ठेवल्यावर २० च्या वर गेलं. नव्या बेअरिंगवर आज छान चालतोय.

यंत्राबद्दलच्या तक्रारीही सांगते. लाकडाचा बारीक भुसा त्याचा वैरी आहे. जाळी आठवड्याला धुवावी लागते, आणि सँडिंग करताना मी ते बंद करून कापडाने झाकते. एकदा विसरले, तर आतली कॉइल भुशाने माखली आणि तिच्यावर बर्फ धरला. खोली १५ अंशांच्या खाली गेली की तसाही बर्फ धरतो आणि यंत्र निम्मा वेळ तो वितळवण्यातच घालवतं. थंड जागेत वर्कशॉप असेल तर शोषक चाकाचा (कॉम्प्रेसरऐवजी ओल शोषणारं चाक असलेला) प्रकार बघा, वीज जास्त खातो पण थंडीत काम करतो. आवाज सतत आहे, शेजारच्या खोलीत झोपणाऱ्याला जाणवेल. पुन्हा घ्यायचा झाला तर २० लिटरचा घेईन, पहिल्या महिन्यात १२ चा दमला होता.

वडिलांच्या रंध्याचा तळ काचेवर पॉलिश पेपर ताणून घासला. गंज गेला, पण ढलपीच्या वळणाची खूण थोडी खोल होती, ती राहिली. त्या खुणेसकट रंधा पूर्वीसारखीच पातळ, सलग साल काढतो. परवा त्यानेच बाकाची फाटलेली फळी सपाट केली. पिनांच्या ओलमापकाने फळीची ओल मोजली तर मधोमध १२ टक्के, भिंतीकडच्या टोकाला अजून १६. तिथली चीर भरायला मी आणखी महिनाभर थांबणार आहे.