सोलापूरच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्वापोनिक्स किट: ट्रे भारी, सोबतचा कागद बिनकामाचा

पाचपैकी साडेतीन स्टार. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढ्यावर पुढं गेलं तरी चालेल.

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे मासे आणि झाडं एकाच पाण्यावर. किटमध्ये खाली चाळीस लिटरची काचेची टाकी, वर प्लास्टिकचा ट्रे, ट्रेमध्ये भरायला भाजलेल्या मातीच्या गोळ्या, बारा वॅटचा पाण्यात बुडवायचा पंप, बेल सायफन (ट्रे भरला की पाणी आपोआप खाली सोडणारी नळी), बॅक्टेरियाची छोटी बाटली, माशांच्या खाद्याची डबी, आणि एक चकचकीत कागद ज्यावर फर्न, अँथुरियम, ऑर्किड, गुलाब सगळं एकाच ट्रेमध्ये फुललेलं दाखवलंय. पाच हजाराच्या आत पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसाही हाच माल वेगवेगळ्या नावांनी मिळतो, डबा बदलतो फक्त. दिवाळीनंतर घेतला आणि एक अख्खा उन्हाळा काढला म्हणून आत्ता लिहितोय, कारण नवीन असताना लिहिलेल्या रिव्ह्यूत सगळंच छान असतं.

काम कसं चालतं ते थोडक्यात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, पंप ते पाणी वर ट्रेमध्ये नेतो, गोळ्यांवर वाढलेले बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं खातात आणि पाणी परत खाली. माती नाही, खत नाही, कुंडीखाली चिखल नाही. पण हे बॅक्टेरिया नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात आणि कागदावर मात्र ‘पहिल्याच दिवशी मासे सोडा’ असं ठळक छापलंय! दुकानातले अण्णा स्वतःच म्हणाले, ते वाचू नका साहेब, आधी मोकळीच चालवा, रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, ते कुजून अमोनिया होतोय, मग टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की या मासे न्यायला. आता गंमत अशी की टेस्ट किट डब्यात नाहीच. ज्याच्यावाचून काही कळत नाही तीच वस्तू वेगळी विकत घ्यायची, आणि त्याच्या जागी डब्यात काय तर शोभेचे पांढरे दगड.

त्या दगडांचं सांगायलाच पाहिजे. एक दगड बाहेर काढून त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर तो संगमरवर किंवा चुनखडी, म्हणजे पाण्यात हळूहळू विरघळून पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी त्याचं माप, सात म्हणजे मधलं) वर ठेवणार. माझ्याकडचे सगळे फसफसले. आपल्याकडं पाणी आधीच जड, गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर पांढरं साचतं ते सगळ्यांनी बघितलंय, माझ्या नळाचा पीएच आठच्या आसपास येतो आणि बोअरचा त्याच्याही वर. अशा पाण्यात आणखी चुना कशाला? आणि हे नुसतं झाडांपुरतं नाही. पीएच सातचा आठ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहा पट होतो, पाणी तापलं की आणखी वाढतो, म्हणजे थंड हवेच्या गावात जेवढी घाण मासे सहन करतात तेवढ्यात इथं मेमध्ये मरतात. दगड आता गॅलरीतल्या कुंडीत आहेत, तिथं शोभतात.

किटबरोबर दोन गोल्डफिशचं कूपन होतं. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, वर घाण प्रचंड करणारा, आणि चाळीस लिटर त्याला मुळात कमीच. मी मॉली आणि थोडे गप्पी घेतले. मॉलीला जड पाणी उलट मानवतं आणि गप्पी तर आपल्याकडं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतातच, कुठंही जगतो. तरी एप्रिल-मेमध्ये लक्ष ठेवावं लागलं. पाणी २० अंशाला असताना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, आणि दुपारी बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना गॅलरीतलं पाणी तिसाच्या वर सहज जातं. टाकी पूर्वेच्या खिडकीत आत घेतली, काचेच्या तीन बाजूंना जुना सोलापुरी टॉवेल ओला करून गुंडाळला आणि वरून छोटा फॅन. दोन-तीन अंश उतरतात. दिसायला काही खास नाही, पाहुणे आले की आई टॉवेल काढायला लावते.

आता झाडं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. माशांच्या पाण्यात नायट्रोजन भरपूर, पोटॅश आणि लोह कमी, त्यामुळं पानांची झाडं खूश आणि फुलांची रुसलेली, हे गणित आधी डोक्यात ठेवा म्हणजे कागदावरचे फोटो बघून नर्सरीत पैसे जाणार नाहीत. मनीप्लांटचं काय सांगू, पडद्याच्या रॉडवरून फिरून दारापर्यंत आला. सिंगोनियम, स्पायडर प्लांट, कोलियस मस्त, कोलियसचे रंग तर कुंडीत असायचे त्यापेक्षा गडद. पीस लिलीला फुलं आली पण थोडी, पानंच जास्त. अँथुरियम पिवळं पडून गेलं. मेडनहेअर फर्न आपल्या कोरड्या हवेत मार्चमध्येच पापडासारखं झालं, त्यात बिचाऱ्या किटचा दोष नाही. अडेनियम, कॅक्टस, असलं काही लावायचा विचार पण करू नका, मुळं कुजतात.

मधे सिंगोनियमची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं व्हायला लागलं, ही लोहाची कमतरता. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड आयर्न, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून रसायनात बांधलेलं लोह, मागितलं की बहुतेक ईडीटीए या रसायनातलं हातात देतात, ते आपल्या जड पाण्यात टिकत नाही. ईडीडीएचएवालं मागा, महाग आहे पण लिटरला दोन मिलिग्रॅमच्या हिशोबानं इतकं कमी लागतं की छोटं पाकीट संपता संपत नाही. टाकल्यावर पाणी लालसर होतं, घाबरू नका, मासे व्यवस्थित असतात. हे त्या कागदावर एका ओळीत लिहायला काय जात होतं कळत नाही. आणि पिठ्या ढेकूण दिसला म्हणून नेहमीचं औषध फवारायचं नाही, ते थेट माशांच्या पाण्यात जातं, नीम तेल पण नको. ओल्या कापसानं पुसायचं, कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज नाही. नर्सरीतून आणलेल्या झाडाची माती सगळी धुवून काढा आणि फवारा कधी मारला होता ते विचारूनच घ्या.

आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्या हिशोबानं मात्र हा प्रकार खरंच परवडतो. कुंड्यांना घालतो त्यातलं निम्मं खालून वाहून जातं, इथं फक्त उडालेलं आणि झाडांनी प्यालेलं भरायचं. पण पाणी उडतं, क्षार मागंच राहतात, म्हणून वरची भर मी आरओच्या शुद्ध पाण्याची किंवा पावसाळ्यात गच्चीवर धरलेल्या पाण्याची घालतो. आरओचं वाया जाणारं पाणी चालत नाही, क्षार सगळे त्याच्यातच असतात. नळाचं घालायचं तर आधी अँटीक्लोरीनचे थेंब.

पंपाला चोवीस तास धरून महिन्याला नऊ युनिटच्या आत वीज लागते, ते काही नाही. खरी चिंता लाईट जाण्याची, दुपारी तास-दोन तास गेली की मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवलाय. सायफन गुडगुड आवाज करतो, हॉलमध्ये चालतं, बेडरूममध्ये झोप लागणार नाही. मनीप्लांटची मुळं त्याच्या जाळीत शिरून तो तुंबला आणि जाळी काढताना क्लिप तुटली, सर्व्हिस नंबरवर फोन केला तर पूर्ण सायफनच घ्या म्हणाले. अण्णांनी दुसऱ्या कुठल्या फिल्टरची क्लिप घासून बसवून दिली, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. अर्धा स्टार त्यांचा आहे.

घ्यायचाच असेल तर कूपन देताना गोल्डफिशऐवजी मॉली द्या म्हणा आणि पांढरे दगड परत करून तेवढ्याची अमोनियाची टेस्ट मागून बघा. दगडांचं जमेल न जमेल, माशांची अदलाबदल बहुतेक करून देतात.