मल्टी-रूम ऑडिओ सांगून एकच ॲम्प्लिफायर बसवला, घर ऑटोमेट करणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी वाचा

घराचं ऑटोमेशन करायला घेतलं असेल आणि कोणी "सगळ्या रूममध्ये म्युझिक, एका ॲपवरून" असं सांगत असेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा. आमच्याकडे झाली ती सरळसरळ लबाडी आहे, फक्त ती भिंतीत, फॉल्स सीलिंगमध्ये आणि कुलूप लावलेल्या कपाटात असल्यामुळे लवकर कळत नाही.

आम्हाला काय पाहिजे ते अगदी स्पष्ट सांगितलं होतं. मुलांच्या खोलीत त्यांचं काहीतरी, किचनमध्ये वेगळं, आईच्या खोलीत तिचा रेडिओ, आणि वाटेल तेव्हा सगळीकडे एकच गाणं. ऑटोमेशनचं काम घेतलेल्या माणसाने शोरूममध्ये डेमो दिला तो खरंच भारी होता, दोन खोल्या, दोन फोन, दोन वेगळी गाणी, मग एक बटण दाबलं की दोन्हीकडे एकच गाणं आणि आवाज जराही मागेपुढे नाही. तिथे प्रत्येक खोलीला स्वतःचा स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर (नेटवर्कवरून स्वतःच गाणं घेऊन वाजवणारा) होता आणि तोही लॅनच्या वायरवर. आमच्या कोटेशनमध्ये मात्र फक्त "मल्टी-रूम ऑडिओ सिस्टीम, कम्प्लीट" आणि पुढे रक्कम. मॉडेल नंबर मागितले तर म्हणाला, सर मॉडेल सारखी बदलत असतात, तुम्हाला लेटेस्टच लावतो.

लावलं काय, तर एक साधा दोन चॅनेलचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, त्याला एक ब्लूटूथ रिसीव्हर, आणि पुढे स्पीकर सिलेक्टरचा डबा, म्हणजे गाणं एकच, ते कुठल्या खोलीत सोडायचं आणि कुठल्या नाही एवढंच काय ते हातात. ॲपमधलं म्युझिकचं बटण दाबलं की एक रिले (विजेवर चालणारा स्विच) ॲम्प्लिफायरचा करंटच तोडायचा, म्हणून बंद करताना प्रत्येक वेळी स्पीकरमधून धप्प असा आवाज यायचा आणि आम्हाला सांगितलं की तो नॉर्मल आहे. कपाटाला कुलूप, वर "उघडलं तर वॉरंटी जाईल".

दोन खोल्यांत दोन गाणी का लागत नाहीत विचारलं तर उत्तर तयार होतं, "कंपनीने अपडेटमध्ये फीचर काढलं". आता असं खरंच होतं म्हणून माणसाला पटतं. जानेवारी २०२२ मध्ये सोनोस या स्पीकर कंपनीच्या पेटंटच्या केसमुळे गूगलला आपल्या स्पीकर ग्रुपचा आवाज एकदम कमीजास्त करायची सोय काढावी लागली होती, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले तेव्हा लोकांच्या घरातलं ॲप, शेड्युल सगळं अडकलं. पण आमच्या कपाटात अपडेट होईल असं काही नव्हतंच! खऱ्या बातम्यांच्या आड लपायचं, ही त्याची पद्धत.

मग घरी पाहुणे असताना सगळ्या खोल्या एकदम चालू केल्या आणि थोड्या वेळात ॲम्प्लिफायर तापून बंद, थंड झाल्यावर चालू, परत बंद. दुसऱ्या एका टेक्निशियनला बोलावलं, त्याने कपाट उघडलं आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. ८ ओहमचे चार स्पीकर एका चॅनेलवर पॅरलल जोडले की लोड २ ओहमवर येतो (ओहम जितके कमी तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त), आणि हा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली चालवायचाच नाही असं त्याच्या पाठीमागे छापलेलं होतं. सिलेक्टरला प्रोटेक्शनचं बटण होतं पण त्याने आवाज कमी होतो म्हणून त्या माणसाने ते मुद्दाम ऑफ करून ठेवलेलं. हे माहीत असून केलेलं काम आहे, चूक नाही.

सगळ्यात जास्त राग वायरचा येतो. बिलावर प्युअर कॉपर, आणि आत निघाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे लांबच्या खोलीला तशी वायर अजून जाड लागते आणि याने उलट बारीक टाकलेली. बॉक्स बदलता येतो हो, वायर प्लास्टरमागे गेली की भिंत फोडावी लागते. तपासायला काही लागत नाही, एक तार ब्लेडने खरवडायची, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. (टिन केलेलं तांबं वरून पांढरं दिसतं पण खरवडल्यावर आत लाल असतं, त्यावर उगाच भांडू नका.) बंडल हाताला फारच हलकं लागलं तरी संशय घ्या. हे प्लास्टरच्या आधी, त्याच्यासमोर, आणि कुठून कुठे वायर गेली त्याचे फोटो काढून ठेवा.

ऑटोमेशन कंट्रोलरचा ॲडमिन पासवर्डही त्याने दिला नाही, म्हणाला वर्षाचं मेंटेनन्स घ्या मग बघू. म्हणजे आपल्याच घरातल्या लाइटचा सीन (कुठले लाइट एकदम कसे लागतील ते सेटिंग) बदलायला त्याच्या पाया पडायचं. शेवटी नवीन टेक्निशियनने कंट्रोलर रिसेट करून सगळं पहिल्यापासून प्रोग्राम केलं, त्याचे पैसे वेगळे.

तुम्ही करत असाल तर कोटेशनमध्ये झोन (वेगळा कंट्रोल असलेल्या खोल्या) किती आणि एकाच वेळी वेगवेगळी गाणी किती वाजणार हे दोन्ही आकडे लिहून घ्या, कारण सहा झोन आणि सोर्स, म्हणजे गाणं येण्याची जागा, एकच, असंही विकतात. प्रत्येक ॲम्प्लिफायरचा, स्पीकरचा मॉडेल नंबर, वॅट आरएमएसमध्ये, म्हणजे सतत मिळणारी पॉवर (क्षणभराच्या पीक वॅटचा आकडा कितीही फुगवता येतो), वायरचं गेज म्हणजे जाडी आणि धातू, इंटरनेट बंद असताना काय काय चालेल, सगळं कागदावर. टेस्ट स्वतःच्या घरात घ्या, शोरूममध्ये नाही: दोन फोन, दोन खोल्या, दोन गाणी एकाच वेळी, मग एकच गाणं सगळीकडे लावून दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहायचं, एको ऐकू आला तर सिंक नाही. नंतर सगळे स्पीकर मोठ्या आवाजात तासभर चालू ठेवा. हे झाल्यावर पासवर्ड आणि प्रोग्रामिंगची फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून बघा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.