खडकी वॉर सेमेटरी: घाईत बघायची जागा नाही ही (५ पैकी ५ स्टार)

होळकर पुलावरून रोजची येजा असूनसुद्धा इथे कधी पाय ठेवला नव्हता. वाटायचं ख्रिश्चन लोकांचं जुनं कब्रस्तान असेल, आपण कशाला आत जायचं. मागच्या रविवारी सासरे म्हणाले चल मला बघायचंय. अप्पा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, आणि ते म्हणाले म्हणूनच गेलो, नाहीतर अजून दहा वर्षं बाहेरूनच बघत राहिले असते.

तिकीट वगैरे काही नाही. आत गेलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज हळूहळू मागे पडतो आणि समोर हिरवळ, त्यावर दगडांच्या सरळ ओळी. एक माळीकाका जमिनीवर बसून दगडाच्या पायाशी वाढलेलं गवत हातकात्रीने कापत होते. मी विचारलं मशिन का नाही वापरत, तर म्हणाले मशिन दगडाला लागलं की टवका उडतो, मग तो परत बसत नाही ताई. एवढ्या निगुतीने राखलेली जागा मी तरी पुण्यात दुसरी बघितलेली नाही.

आता इतिहास, कारण आत येणारा प्रत्येक जण विचारतो की इथे कुठली लढाई झाली. तर लढाई नाही झाली. दुसऱ्या महायुद्धात जे सैनिक भारताच्या पश्चिम आणि मध्य भागात वारले, कोणी आजाराने, कोणी अपघातात, कोणी हॉस्पिटलमध्ये, त्यांच्या कबरी ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या आणि तिथे त्यांची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्या इथे एकत्र आणल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा १,६६८ कबरी आहेत. वयं वाचत गेलात तर पाय जड होतात. एकोणीस, बावीस, वीस. तारखा बघताना एका दगडावर १९४६ दिसलं आणि मला वाटलं चूक झालीय, युद्ध तर १९४५ ला संपलं, मग घरी येऊन वाचलं की या कबरी सांभाळणारं कमिशन ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू दुसऱ्या महायुद्धात धरतं. पहिल्या महायुद्धासाठी ती तारीख ३१ ऑगस्ट १९२१ आहे.

डिझाईनबद्दल मला जास्त लिहायचंय. हे सगळं बघतं ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, १९१७ ला सुरू झालं तेव्हा नाव इम्पीरियल होतं. त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं की हुद्दा, वंश, धर्म काही न बघता सगळ्यांना सारखा दगड, आणि कोणाचाही मृतदेह घरी न्यायचा नाही. यावर इंग्लंडमध्ये भरपूर भांडणं झाली, १९२० मध्ये पार्लमेंटमध्ये वाद झाला, आईवडिलांचं म्हणणं होतं की आमच्या मुलाचं आम्हाला आमच्या पद्धतीने करू द्या. पण तसं केलं असतं तर पैसेवाल्यांच्या मुलावर संगमरवरी देवळं उभी राहिली असती आणि गरिबाच्या पोरावर लाकडाची फळी. म्हणून माप एक, अक्षरं एकसारखी, नाव, हुद्दा, पलटण, तारीख, वय, धर्माची खूण, आणि खाली घरच्यांना हवी असेल तर एखादी ओळ.

अप्पा बराच वेळ एका ओळीपाशी उभे होते. मी जवळ गेले तर बोटाने दाखवलं, हा बघ कॅप्टन, आणि त्याच्या शेजारी हा साधा शिपाई. म्हणाले, "आमची आयुष्यभर मेससुद्धा वेगळी होती गं." पुढे काही बोलले नाहीत.

उंच दगडी क्रॉस आहे त्याला क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस म्हणतात, रेजिनाल्ड ब्लूमफील्ड नावाच्या आर्किटेक्टचं डिझाईन, जगभरातल्या अशा सेमेटऱ्यांमध्ये हेच लहानमोठ्या आकारात असतं. त्यावर ब्राँझची तलवार आहे, टोक खाली. मला तो नुसता शोभेचा भाग वाटला असता, पण अप्पा लगेच म्हणाले "शोक शस्त्र". फौजेत कोणी गेलं की परेडमध्ये ही ऑर्डर देतात आणि रायफलीचं तोंड जमिनीकडे करतात. तलवारीचं टोक खाली का ते मला तिथे कळलं.

आतच पहिल्या महायुद्धाचं वेगळं स्मारक आहे, ते बरेच जण चुकवतात. त्या काळात भारतात वारलेल्या १,८०० हून जास्त जणांची नावं तिथे आहेत, ज्यांच्या कबरी भारत आणि आत्ताच्या पाकिस्तानातल्या सिव्हिल आणि कॅन्टोन्मेंटच्या स्मशानभूमींत आहेत आणि आता सांभाळणं शक्य नाही. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मात्र मुंबईच्या शिवडीहून १९६२ मध्ये इथे आणून पुन्हा पुरले. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचंही स्मरण इथे केलंय, दुसऱ्या महायुद्धातले. ते कुठून आले, कुठे वारले, आणि नाव राहिलं पुण्यात.

पण एक गोष्ट मनात खुपतेच. सगळे सारखे हे तत्त्व सगळीकडे पाळलं गेलं नाही. इराकमधल्या बसरा मेमोरियलवर सुरुवातीला भारतीय शिपायांची नावंच नव्हती, पलटणीपुढे नुसता आकडा. कमिशनच्या स्वतःच्या २०२१ च्या अहवालात कबूल केलंय की निदान १,१६,००० जणांची, जास्त करून आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावाने आठवण ठेवलीच गेली नाही किंवा कदाचित अजिबातच नाही. त्यामुळे इथली समानता बघून भारावून जा, पण हेही माहीत असू द्या. आणि आपल्या माणसांची आठवण बघायची असेल तर सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरीही बघा, पहिल्या महायुद्धात एवढी माणसं दिली त्या गावाने की गावाच्या नावालाच मिलिटरी लागलं.

आणखी एक. मी पूर्वी एका हेरिटेज वॉकला पैसे भरून गेले होते, त्यांनी अशाच एका स्मारकापाशी दहा मिनिटं थांबवून ग्रुप फोटो काढला आणि पुढे हाकललं, वर सांगितलेली माहितीही चुकीची निघाली. इथे तसं नका येऊ. कोणाचं नाव शोधायचं असेल तर कमिशनच्या वेबसाईटवर नाव टाका, प्लॉट, ओळ आणि कबरीचा नंबर मिळतो. दगडांवर बसून फोटो काढणारी पोरं दिसली की प्लीज त्यांना सांगा, मी सांगितलं, ऐकलं त्यांनी.

सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी न्या, उघड्यावर ऊन लागतं. आमच्या दोनच ओळी नीट वाचून झाल्या. अप्पांनी तिसरी कुठून सुरू करायची ते माझ्या मोबाईलमध्ये लिहून ठेवायला लावलंय, येत्या रविवारी परत जातोय.