घरासाठी डंबेल्स: फिक्स्ड की अ‍ॅडजस्टेबल?

आधी जागेचा हिशेब. अडीच ते १५ किलोपर्यंत अडीच-अडीचच्या टप्प्याने फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या वजनाचे, घ्यायचे तर सहा जोड्या होतात, म्हणजे १०५ किलो. वन बीएचकेत हे ठेवणार कुठे? डायल फिरवून वजन बदलणाऱ्या अ‍ॅडजस्टेबलची एक जोडी तेवढंच काम करते. बोफ्लेक्स कंपनीच्या ५५२ मॉडेलचं एकेक डंबेल साधारण २ ते २४ किलोपर्यंत जातं.

हातात घेतल्यावर मात्र पारडं फिरतं. ५५२ वर पाच किलो लावा, लांबी २४ किलोचीच राहते; कर्ल करताना, म्हणजे कोपरातून हात वर दुमडताना, ती आडवी येते. वजन बदलायला दर वेळी ते स्टँडमध्ये नीट बसवावं लागतं. आणि दमल्यावर धाडकन खाली टाकायची सोय नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सची सुमारे ३८ लाख अ‍ॅडजस्टेबल डंबेल्स परत मागवली गेली, कारण उचललेलं असतानाच प्लेट सुटून पडू शकत होती. रबरी षटकोनी फिक्स्डला सुटण्यासारखं काही नसतं. त्यावर हात टेकून पुशअप्स मारा, घरंगळत नाही.

रॉड, प्लेट आणि नटवाला सेट सगळ्यात स्वस्त, पण नट सैल होतो. व्यायामाच्या प्रत्येक फेरीआधी आवळायचा, कंटाळा केलात तर पायाची बोटं तुमची.

मी नवख्याला पाच आणि दहाच्या दोन फिक्स्ड जोड्याच सांगेन. सेकंडहँड घेत असाल तरी फिक्स्डच बघा. डायलच्या आतली झीज बाहेरून दिसत नाही.