केनियात मैदान बांधायला जायचं, तर तुकडीबरोबर की शाळेकडे?

परदेशातल्या खेड्यात जाऊन फुटबॉलचं मैदान उभारायला हात लावायचा, असं मनात आलं की चौकशीअंती दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे शुल्क भरून एखाद्या संस्थेच्या तुकडीबरोबर दोन आठवड्यांसाठी जायचं. दुसरी म्हणजे तिथल्या एखाद्या शाळेशी किंवा क्लबशी थेट बोलणी करून एक हंगाम त्यांच्या हाताखाली राहायचं. पश्चिम केनियात किसुमूच्या पूर्वेला कानोचा सपाट पट्टा आहे. तिथे मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे. मी कोल्हापूरचा, पेठेच्या संघांचे सामने बघत वाढलेला, आणि कामाने सिव्हिलचा डिप्लोमावाला. त्यामुळे माझा कल मातीच्या बाजूने जरा जास्तच असणार, एवढं धरून पुढचं वाचा.

तुकडीची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. विमानतळावर गाडी येते, खोलीत मच्छरदाणी असते, ताप आला तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास मलेरिया भरपूर, तेव्हा ही छोटी गोष्ट नाही. चांगल्या संस्था पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. मुलांच्या शाळेत राबायचं असेल तर तो मागायलाच हवा. जी संस्था मागत नाही तिच्याकडे मी तरी जाणार नाही. पहिल्यांदाच आफ्रिकेत पाऊल ठेवणाऱ्याला, किंवा घरच्यांची समजूत काढून निघणाऱ्या एकट्या मुलीला, हा आधार फार मोलाचा वाटतो. शिवाय दिवसभर एकत्र घाम गाळल्यावर जी दोस्ती होते ती टिकते. माझ्या तुकडीतले दोघेजण आजही फोनवर असतात.

शुल्काबद्दल एवढंच विचारा, की त्यातलं सिमेंट-मुरुमाला किती जातं. उत्तर मोकळेपणाने मिळालं तर पुढे बोला.

मला खटकलेली गोष्ट एकच, पण तिनेच माझा निर्णय झाला. आमच्या कामात गोल आधी उभे राहिले आणि जमीन मागे पडली.

त्याचं कारण वेळापत्रकात होतं. दोन आठवड्यांच्या शेवटी गावच्या मुलांबरोबर सामना, मग निरोप, असा तुकडीचा क्रम ठरलेला. सामन्याला गोल हवेत, फोटोलाही गोल हवेत. म्हणून पहिल्याच आठवड्यात खड्डे खणून, काँक्रीट ओतून खांब रोवले गेले, पांढरा रंग लागला. दोन गोलांमधली जमीन मात्र आम्ही जेंबेने, म्हणजे तिथल्या कुदळीने, डोळ्याच्या अंदाजाने सारखी करत बसलो. कुणी लेव्हल लावली नाही, पाणी कुठून कुठे जाणार हे कुणी काढलं नाही. घराची चौकट रोवून मग पाया खणायला घ्यावा तसा हा प्रकार. एकदा खांब काँक्रीटमध्ये बसले की त्यांच्या पायथ्याची उंची पक्की होते, आणि मग सगळ्या मैदानाचा उतार त्या चार खांबांना धरून करावा लागतो. तो पुढे कुणी करत नाही. पुढची तुकडी येते तेव्हा तिलाही दोन आठवड्यांत डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं असतं, म्हणून ती बाक बांधते, भिंत रंगवते.

ज्यांनी आमच्याकडून काम करून घेतलं ती माणसं मनापासून राबणारी होती, हे मुद्दाम सांगतो. पण कानोची माती वेळापत्रक बघत नाही. ती आपल्याकडच्यासारखीच काळी, चिकण. तिथले इंजिनियरही तिला ब्लॅक कॉटनच म्हणतात. उन्हात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून लोणी. गोलसमोरची जागा मैदानात सर्वांत जास्त तुडवली जाते, तिथे आधीच खोलगट असेल तर पहिल्या मोठ्या पावसातच डबकं साचतं. पुढच्या खेपेला शाळेकडून गेलो तेव्हा ते मैदान पाहून आलो. एका गोलसमोर पाणी होतं आणि पोरं शेजारच्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर चपलांचे गोल करून खेळत होती. त्यांना विचारलं तर म्हणाली, इथे चेंडू पळतो.

आता थोडा हिशोब करू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की माणसं जास्त असली की काम होतं. शंभर मीटर लांब आणि चौसष्ट मीटर रुंद मैदान घ्या. पाणी दोन्ही बाजूंना जावं म्हणून मधोमध उंचवटा ठेवून कडेकडे एक टक्का उतार द्यायचा, तर मध्यरेषेची माती कडेपेक्षा ३२ सेंटिमीटर वर हवी. सरासरी १६ सेंटिमीटर भर धरली तर साधारण हजार घनमीटर माती झाली. दहा घनमीटरच्या डंपरच्या शंभर खेपा. कडेचे चर खणून त्यातली काही माती मिळते, तरी बाकीचा मुरूम बाहेरूनच आणावा लागतो. सवयीचा मजूर फावड्याने दिवसाला दोन-तीन घनमीटर हलवतो. वीस जणांची तुकडी दहा दिवस अगदी मजुराच्या वेगाने राबली तरी निम्मंच काम उरकतं; आणि आपण कुणी त्या वेगाने राबत नाही, दुपारी बारानंतर तर नाहीच. हेच काम एक ग्रेडर, म्हणजे जमीन सारखी करणारं पात्याचं यंत्र, आणि एक रोलर काही दिवसांत करून मोकळे होतात. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने फावडं मारण्यापेक्षा ग्रेडर मिळवण्यासाठी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत खेटे घालणं जास्त उपयोगाचं.

शाळेकडची वाट या ठिकाणी वेगळी पडते. तिथे मला कुणी फावडं दिलंच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, मजूर गावात आहेत आणि त्यांना रोजगार हवा आहे, तू लेव्हल बघ आणि हिशोब लिही. डंपी, म्हणजे लेव्हल काढायची दुर्बीण, मिळाली नाही म्हणून गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी वापरली, आणि तेवढ्यावर भागलं. कडेने चर काढले, भर टाकली, रोलर फिरवला, पाऊस येऊ दिला, पाणी कुठे थांबतं ते खुंट्या मारून ठेवलं, तिथे पुन्हा भर टाकली. गोल सर्वांत शेवटी लागले. सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंद, पाइपचे, पायथा काँक्रीटमध्ये. सुट्या, नुसत्या उभ्या ठेवलेल्या गोलला मुलं लोंबकळतात आणि तो अंगावर कोसळतो. जगभरात अशाने मुलं दगावली आहेत. निलगिरीचे बल्ले स्वस्त आणि गावातच मिळतात, पण वाळवीचा विचार करून आम्ही लोखंड घेतलं.

या वाटेचं दुखणं म्हणजे थांबणं. ग्रेडर उद्या येतो म्हणतात आणि आठवडा जातो. शाळेच्या व्यवस्थापन मंडळाची बैठक, मग चीफने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याने, बोलावलेली बराझा, म्हणजे गावसभा, मग पुन्हा मंडळ. संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार पडला की बोलायला कुणी नसतं. उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याचा घट्ट गोळा आणि पालेभाजी, रोज खायची तयारी हवी. मला ती झुणका-भाकरीच्या घरातला म्हणून जड गेली नाही, पण माझ्या आधी आलेला एकजण त्यापायी कंटाळून परतला असं ऐकलं. कागदपत्रं तुमची तुम्हाला करावी लागतात. केनियाने २०२४च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे, पण तिच्यावर पर्यटक म्हणून शिरून काम करू नका, विनामोबदला असलं तरी. त्यासाठीचा वेगळा पास शाळेला किंवा स्थानिक संस्थेला काढायला सांगा. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. परत येताना त्याचा दाखला भारतात दाखवावा लागतो. तुकडीबरोबर गेलं की यातल्या निम्म्या गोष्टींची आठवण करून देणारा कुणीतरी असतो.

पण त्या बैठकांमध्येच एक असा प्रश्न सुटला जो तुकडीच्या वेळी कुणी विचारलाही नव्हता: ही जमीन कुणाची? केनियात हा प्रश्न साधा नाही. २०१५च्या जानेवारीत नैरोबीत लँगाटा रोड प्राथमिक शाळेचं क्रीडांगण भिंत घालून बळकावलं होतं. मुलं ती भिंत पाडायला उतरली तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. ती जागा शाळेला परत मिळाली, पण केवढा गाजावाजा झाल्यावर! खेड्यातल्या शाळेसाठी एवढा गाजावाजा कोण करणार? आमच्या मंडळाने मैदानाची हद्द कागदावर आणून, चार कोपऱ्यांना दगड बसवून मगच पहिला डंपर आत घेतला. त्यात बरेच दिवस गेले. ते वाया गेले असं मला त्या वेळीही वाटलं नाही.

मोठ्या संस्थांचा अनुभवही मला याच बाजूचा वाटतो. २०१०च्या विश्वचषकाच्या निमित्ताने फिफाने आफ्रिकेत ‘फुटबॉल फॉर होप’ची वीस केंद्रं उभारायचं ठरवलं. पहिलं केप टाऊनजवळ खायेलित्शामध्ये २००९च्या डिसेंबरात उघडलं, केनियातलं नैरोबीच्या माथारे वस्तीत झालं. ज्या आर्किटेक्चर फॉर ह्युमॅनिटीने ही केंद्रं बांधण्याचं काम केलं ती संस्था २०१५मध्ये बंद पडली. माथारेतलं केंद्र मात्र माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे मायसाच्या हाती होतं, आणि मायसा १९८७पासून त्या वस्तीत लीग चालवते आहे. तिच्या लीगमध्ये वस्तीतला कचरा साफ केल्याचेही संघांना गुण मिळतात. ही कल्पना आमच्या शाळेने उचलली: ज्या वर्गाचा संघ चर मोकळे ठेवेल, गवत काढेल, त्याला आंतरवर्ग सामन्यांत गुण. मी सुचवलेलं नव्हतं. क्रीडाशिक्षिकेने मांडलं आणि मुलींसाठी आठवड्यातले ठरलेले दिवसही त्याच बैठकीत पदरात पाडून घेतले. नाहीतर मोठी मुलं मैदान सोडत नाहीत.

गवताचं सांगायचं राहिलं, आणि मला त्यात फार रस आहे. कानोसारख्या उष्ण भागात जे गवत तुडवणीला टिकतं ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच गवत. बी पेरायची गरज नाही. ओढ्याकाठची हरळी मुळासकट काढायची, कांड्यांचे तुकडे करायचे, ओळीने खोचायचे. शाळेची सगळी पोरं खाली बसून हे काम करतात आणि माणसं जास्त असण्याचा फायदा खरा इथे होतो. फक्त वेळ पावसाची हवी. तिथे मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. मातीकाम जानेवारी-फेब्रुवारीत, लावणी मार्चच्या पहिल्या सरीवर. युरोप-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या प्रामुख्याने जून ते ऑगस्टमध्ये येतात, कारण सुट्ट्या तेव्हा असतात. तेव्हा लावलेलं गवत जगवायला पाणी ओतत बसावं लागतं, आणि विहिरीचं पाणी मैदानाला द्या असं कुठल्या तोंडाने सांगणार?

गवत धरेपर्यंत गुरं आत येऊ न देणं हे वेगळंच काम. तारेचं कुंपण महाग पडलं म्हणून गावकऱ्यांनी शेराच्या कांड्या रोवल्या. त्या भागात ते नेहमीचं कुंपण आहे, आपल्या बांधांवरही दिसतं. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर वाईट इजा होते, म्हणून मुलं चेंडू आणायला धावतात त्या बाजूंना ते लावलं नाही, तिथे काटेरी फांद्या टाकल्या.

तर कुणी काय निवडावं? तुमच्याकडे दोनच आठवडे असतील, आधी कधी असा प्रवास केला नसेल, तर तुकडीबरोबर जायला माझी हरकत नाही. फक्त अर्ज करण्याआधी संस्थेला विचारा: गेल्या पावसात तुमच्या जुन्या मैदानावर पाणी किती दिवस उभं होतं, आणि जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे. ज्यांना ही उत्तरं माहीत असतात अशा संस्थाही असतील. मला भेटली नाही एवढंच. पण तीन-चार महिने काढता येत असतील, आणि लेव्हल, हिशोब, प्रशिक्षण, शिवण, वेल्डिंग यांपैकी एखादी गोष्ट हाताशी असेल, तर मी शाळेची वाट सुचवेन. पुन्हा जायचं झालं तर मी स्वतः तिकडूनच जाईन.

मार्चच्या पावसात लावणी गाठायची असेल तर शाळेला पत्र सप्टेंबरपर्यंत जायला हवं. तिथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या आसपास संपतं, आणि सुट्टी लागली की मंडळाची बैठक नव्या वर्षावर जाते. पत्रात आपल्याला काय येतं ते दोन ओळींत लिहा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. आमच्या शाळेचं उत्तर आलं त्यात मैदानाआधी मुलींच्या शौचालयाचं नाव होतं, म्हणून पहिला महिना त्या कामात गेला.