ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपची थरथर: एका हंगामानंतरचा अनुभव

मालवण-देवगड पट्ट्यात फायबरच्या होड्या ट्रॉलीवरून ने-आण करायला आमची डिझेल पिकअप आहे. पावसाळ्याआधी होड्या वर काढायच्या, पाऊस सरला की परत पाण्यात सोडायच्या, मधल्या काळात दुरुस्तीला कुडाळपर्यंत न्यायच्या. ओढायला गाडी दमदार आहे, ओल्या वाळूतूनही भरलेली ट्रॉली बाहेर काढते. लिहायचंय ते तिच्या थरथरीबद्दल. किनाऱ्यावर ट्रॉली ओढणाऱ्या गाड्यांना हा त्रास होतोच आणि गॅरेजमध्ये गेलं की पहिलं बोट टायरकडे जातं.

आमचंही बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, फरक शून्य. खरं तर लक्षणं वेगळीच होती. स्टिअरिंग शांत, धडधड सीटखालून, तीसुद्धा ट्रॉली जोडून जागेवरून उचलताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरला. चाकाचा बॅलन्स बिघडला तर त्रास साधारण साठ-सत्तरच्या पुढे जाणवतो, दहाच्या वेगाला नाही. रिकामी गाडी पळवली की मात्र सत्तरला बारीक गुणगुण यायची.

ती कुठून येते ते शोधायची रीत सोपी आहे. कसालच्या बाजूला मोकळा सरळ रस्ता बघून एकाच वेगाला आधी चौथ्या, मग पाचव्या गिअरमध्ये चालवली. इंजिनाचे फेरे बदलले, गुणगुण तशीच. मग क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, तरी तशीच. उभ्या गाडीला रेस दिली तर काहीच नाही. म्हणजे इंजिन आणि त्याला धरणारी माउंटिंग यांचा दोष नाही, दोष गिअरबॉक्सच्या मागे. तिथेही चाक की शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा), हे कानाला कळतं: साठच्या वेगाला चाक सेकंदाला सातआठ फेरे घेतं, शाफ्ट त्याच्या चौपट. चाकाचा हेलकावा असतो, शाफ्टची गुणगुण.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागे वजन पडला की गाडी बसता, मग शाफ्टाचो कोन बदालता." गाडीखाली गेले. शाफ्ट हाताने हलवला तर त्याला मधोमध धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर आतून फाटलेलं, शाफ्ट चांगला वरखाली होत होता. जोर पडला की तो उड्या मारायचा, तीच आमची धडधड. मागच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याच्या, टोपीभोवती लालसर भुकटी जमली होती. खारं पाणी आत जाऊन टोपीतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या की तशी भुकटी बाहेर येते. ती दिसली की नुसतं ग्रीस मारून भागत नाही, क्रॉस बदलावाच लागतो.

शाफ्ट उतरवण्याआधी मिस्त्रींनी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर पंचाने खुणा केल्या, म्हणजे परत होता तसाच जोडता येतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा मागेपुढे सरकणारा दात्यांचा सांधा, एक दाता जरी चुकीचा बसला, तरी नव्या सामानासकट गाडी थरथरते.

बेअरिंग आणि दोन्ही क्रॉस बदलून आता हंगाम उलटला. उचलताना धडधड नाही, सत्तरची गुणगुणही गेली. ऐंशीच्या पुढे थोडा आवाज आहे, तो मागच्या रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या) टायरचा. टायर बदलले की तोही बघू.

त्याचबरोबर होडी ट्रॉलीवर थोडी मागे सरकवून बांधायला लागलो, कारण हुकावर फार वजन येत होतं. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के वजन हुकावर हवं. जास्त झालं की गाडीचं मागचं अंग बसतं आणि शाफ्टवर ताण येतो. फारच कमी झालं तर ट्रॉली मागे शेपटीसारखी हलते, ते त्याहून धोक्याचं.

किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्याने शाफ्ट, पाटे, हब (चाकाचा मधला बेअरिंगचा भाग) धुवायचे आणि क्रॉसच्या निप्पलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, ग्रीस द्यायचं, टोपीतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ट्रॉलीचे हब लांबून आल्यावर गरम असतात. तसेच समुद्रात घातले तर थंड होताना पाणी आत ओढतात, म्हणून हात लावून निवल्याची खात्री झाल्यावरच ट्रॉली पाण्यात उतरवा.